चुलीवर अकरा, कागदावर तीन

सोमवार, ३ फेब्रुवारी

अस्मीचे श्वास मिनिटाला ३०. ओठ ठीक.

डॉक्टरणीने सांगितलं म्हणून ही वही. पोर शांत बसली की घड्याळ लावून श्वास मोजायचे, ओठ निळे झाले का बघायचं, लिहायचं. मिथुन म्हणाला, आई फोनमध्ये लिही. मी म्हटलं, मी चौथी शिकलेय, ती पण पाटीवर, फोनचं मला सांगू नको. मी कामाला जाते त्या अर्चना मॅडमनी जुन्या सालाची कोरी डायरी दिली. वार-तारीख खोडून लिहिते. दोन ओळी लिहून पान उरतं, ते फुकट कशाला घालवा, म्हणून बाकीचंही लिहिणार.

अस्मी माझी नात, चार वर्षांची. हृदयाला भोक आहे. इथे फुजैराला होत नाही, म्हणून ऑपरेशन अबुधाबीला, २६ तारखेला. गावी नेऊ म्हटलं तर डॉक्टरीण म्हणाली विमानात बसवायचं नाही, जीवावर बेतेल. मिथुनच्या कंपनीचं इन्शुरन्स कार्ड फक्त मिथुनला. पोरीचं त्याने स्वस्तातलं वेगळं काढलंय, त्यात जन्मापासूनचं दुखणं धरत नाहीत. चार वर्षांच्या पोरीला जन्मापासूनचं नाही तर कधीचं दुखणं असणार?

म्हणून सरकारी मदत कचेरीत अर्ज केलाय. मिथुनचा पगार, त्यातून घरभाडं वजा, उरलं ते घरातल्या माणसांत भागायचं. माणशी ठरलेल्या आकड्याच्या खाली आलं तर ऑपरेशन सरकार बघणार. वर गेलं तर खलास.

अर्जावर तीन नावं. मिथुन, सून संजना, अस्मी.

मी मिथुनला विचारलं, माझं?

"आई, तू मॅडमच्या व्हिसावर आहेस. कागदावर तू त्यांच्या घरातली."

मॅडमकडे सकाळी सहा ते बारा काम करते. खरं तर त्यांच्याकडेच राहायचं असतं, पण मॅडम चांगल्या, मुलाकडे झोपायला जाऊ देतात. बाकी सगळं इथेच. या घरातला गॅस मी पेटवते, मी विझवते. आणि माझं नाव नाही!

बुधवार, ५ फेब्रुवारी

श्वास ३१. पळाली नाही तर ठीक असते.

माझ्या मेसला सात जण जेवायला येतात. सगळे आपल्याकडचे, खेड-दापोलीचे, फुजैरा बंदरावर टाक्यांचं काम करतात. महिन्याला माणशी साडेतीनशे दिरहम, म्हणजे आठ हजार रुपये. झोपायला पलीकडच्या बिल्डिंगमध्ये, खायला माझ्याकडे. त्यातले बाबाजी वयाने मोठे, बावीस वर्षं इथे. त्यांना सगळं माहीत असतं.

आज कढीभात ओरपत म्हणाले, "वहिनी, डोकी वाढली की हिस्सा कमी होतो. आमच्या साईटवरच्या माणसाला अशीच मदत मिळाली, पाच पोरं होती त्याची. तुमचे तीनच म्हणजे कठीण."

मिथुन चिडला. "बाबाजीकाका, काहीतरी डोक्यात भरू नका तिच्या. तिनात बसतंय आपलं. मी हिशोब करून बघितलाय."

"बसतंय पण काठावर ना? मी आपलं सांगितलं. आमटी घाला वहिनी."

मग मिथुन मला बाजूला घेऊन म्हणाला, कचेरीची बाई घर बघायला येणार. आली की तू बोलायचं नाही. मॅडमकडून जरा भेटायला आले म्हणायचं. मी म्हटलं, स्वतःच्या मुलाच्या घरात मी चोर आहे का?

"आई, प्लीज."

प्लीज म्हटलं की झालं त्याचं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

श्वास ३२. बाकी काही नाही. सुरमई महाग झाली.

सोमवार, १० फेब्रुवारी

श्वास ३४. ओठ दुपारी जरा काळसर, मग ठीक.

कचेरीची बाई आली. दुपारी दोनला, मिथुन कामावर. मी नारळ वाटत होते. नाव एमान. काळा अबाया, कपाळावर आठी, हातात टॅब. आली ती संजनाशी इंग्रजीत बोलली, खोल्या बघितल्या, अस्मीशी दोन शब्द बोलली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. भाताचं मोठं टोप बघितलं, पालथ्या घातलेल्या ताटांची चवड बघितली, आणि हिंदीत म्हणाली, "अम्मा, ये घर में कितना नफर?"

नफर म्हणजे माणसं, एवढं कळतं. मॅडमचा ड्रायव्हर तेच बोलतो.

संजना मागून पदर ओढायला लागली. जणू मीच लहान. मिथुनने गप्प राहायला सांगितलं होतं, पण समोर उभं राहून कुणी सरळ विचारलं तर मला वाकडं बोलता येत नाही. आणि माणसं वाढली तर पोरीचंच भलं होणार होतं.

म्हटलं, "अकरा."

बाईने टॅबवरून मान वर केली. "ग्यारह? एक साथ?"

"एक चूल. एकच टोप."

त्यात खोटं काय? आमच्याकडे जनगणनेला गुरुजी यायचे, ते आधी विचारायचे घरात चुली किती. एका चुलीवर जेवतात ते एक घर. धाकट्या दिरांनी चूल वेगळी मांडली, तलाठ्याने येऊन बघितली, तेव्हा कुठे त्यांचं रेशनकार्ड वेगळं झालं. त्याआधी एका छपराखाली असून आम्ही एकच घर होतो. घर कसं मोजायचं ते मला कुणी शिकवायला नको.

मग तिने विचारलं, हे सगळे काम करतात? मी म्हटलं, सगळे. एकही रिकामा बसून खात नाही. पगार वेळेवर आहेत सगळ्यांचे. बाबाजी तर फोरमन आहेत.

ती लिहीत गेली. माझा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, मागितला, मी दिला. तोही बघून लिहिलं. पाणी प्यायली, आभाराचं शुक्रन म्हणाली, गेली.

संजना भिंतीला टेकून उभी. "आई, असं का सांगितलंत?"

"तुझ्या पोरीसाठी सांगितलं."

ती वळली. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. पाण्याचं बिल कोण भरतं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

श्वास ३४.

संजनाने मिथुनला अजून सांगितलेलं नाही. मीही नाही. रागात आहे ती. भाजी निवडते आणि दर दोन मिनिटांनी फोन उलटा करून बघते. माझ्याकडे बघत नाही. मी म्हटलं, मंजूर झालं की कळेलच तुला. तर म्हणते, "आई, आज तुम्ही बसा, पोळ्या मी करते." अकरा माणसांच्या पोळ्या तिला झेपणार आहेत का! एवढा कसला तोरा?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

श्वास ३७. जिना चढवला नाही, कडेवर आणली.

कचेरीचा मेसेज आला. अर्ज थांबवलाय. घरात अकरा जण नोंदलेत, त्यातले नऊ कमावते. नऊ जणांचे पगाराचे दाखले आणा, घराच्या करारावर त्यांची नावं का नाहीत ते लिहून द्या. आहे त्या माहितीवर घराचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातंय.

मिथुन दारातच उभा राहून वाचत होता. बूट पायात तसेच.

"नऊ? आपल्या घरात नऊ पगार?"

मी म्हटलं, मी सांगितलं. बाबाजी म्हणाले होते डोकी वाढली की...

"डोक्यांबरोबर पगार पण वाढतात, आई! बाबाजीकाकांचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे! तो पण आपल्या घरातला झाला आता!" ओरडला. मी इथे आल्यापासून आठ वर्षांत माझ्यावर ओरडला नव्हता. "आणि तुझा बताका दिलास! त्यावर मालक म्हणून मॅडमच्या मिस्टरांचं, प्रल्हाद सरांचं, नाव आहे. तू इथे राहतेस म्हणून उद्या त्यांना विचारलं तर? बारा दिवस राहिलेत आई. बारा."

मग संजनाकडे वळला, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "मला वाटलं ती बाई समजून घेईल. मी तिला मेसेज केलेत. चार." त्याने तिलाही बोलून घेतलं. ती ऐकून घेत उभी राहिली.

जेवायच्या वेळी सातही जण आले. त्यांना जिन्यातच ऐकू गेलं असणार. चपला काढाव्यात की नाही अशी उभी राहिली माणसं. बाबाजी म्हणाले, "वहिनी, आम्ही उद्यापासून हॉटेलात खातो. चूक माझी."

"चूक तुमची आहेच," मी म्हटलं. "ताटं घ्या. भात निवतोय."

कुणी धड जेवलं नाही. एवढा भात उरला.

रविवार, १६ फेब्रुवारी

श्वास ४६. ओठ निळे. नखं निळी.

सकाळी पोर बाहुलीचे केस विंचरत होती, नुसती बसून. एकदम खाली बसली, म्हणजे उकिडवी, गुडघे छातीशी घेऊन, आणि श्वास ओढायला लागली. संजना किंचाळली. मिथुनने उचलली आणि तसाच अनवाणी पळाला. मी मागून त्याचे बूट घेऊन. कशाला घेतले कळत नाही.

हॉस्पिटलात नाकाला नळी लावली. तासाभराने गुलाबी झाली. "Aaji, I want juice," म्हणाली. नर्स फिरदोस म्हणून आहे, हैदराबादची, ती म्हणाली रस नाही, अजून पाणीपण नाही. मी पोरीला तसं सांगितलं तर माझ्याकडे पाठ करून झोपली.

डॉक्टरीण म्हणाली, २६ तारीख पुढे ढकलायची नाही. ती गेली तर पुढची एप्रिलमध्ये, रमजान आणि ईद झाल्यावर. एप्रिलपर्यंत थांबता येईल का, असं मिथुनने विचारलं. ती मशीनच्या आकड्यांकडे बघत राहिली.

हे मी केलं. दुसरं काय लिहू.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

श्वास ३९, नळी काढल्यावर. आज घरी सोडली.

मॅडमना सगळं सांगितलं. लपवून काय होणार होतं? त्यांनी भाजी चिरायची थांबवली. म्हणाल्या, "कावेरीताई, प्रल्हादला त्रास झाला तर माझ्याही हातात काही राहणार नाही. खरं काय ते सांगून मिटवा." आणि कचेरीत जायला त्यांच्या ड्रायव्हरला गाडी काढायला लावली. मिथुनला कळवलं नाही. त्याने अडवलं असतं.

तासभर बसले. मग एमानबाईने बोलावलं. बसायला सांगितलं नाही, मीच बसले.

माझ्या हिंदीत सांगून टाकलं. ते सात जण माझे कुणी नाहीत. पैसे देतात, जेवतात, जातात. आमच्याकडे चुलीवरून घर मोजतात म्हणून मी अकरा सांगितलं. माझ्या मुलाने सांगितलं नव्हतं. तो तर मला गप्प बस म्हणाला होता.

ती म्हणाली, "अम्मा, इधर चूल्हा नहीं गिनता. विजा गिनता है. और जो सच में साथ रहता है, वो गिनता है."

मग विचारलं, मेसचं लायसन्स? मी म्हटलं नाही. म्हणाली, आजपासून बंद. मी म्हटलं, बंद. सात जण तिने खोडले. मला वाटलं झालं.

"अब तुम," ती म्हणाली.

"मी काय?"

तिने टॅब माझ्याकडे फिरवला. त्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नाही हे बघून बोटं मोजून सांगितलं. मुलाच्या घरी राहत असशील तर घरात चार माणसं आणि दोन पगार. मग आकडा वर जातो. तुझ्या मालकालाही विचारावं लागेल. मालकाकडे राहत असशील तर घरात तीन माणसं, एक पगार. आकडा खाली.

"तुम बोलो, अम्मा. तुम किधर रहता है? मैं वोही लिखेगी. पर मैं फिर आएगी देखने को."

टेबलावर खजुरांची डिश होती. ती तिने माझ्याकडे सरकवली. मी खजूर घेतला नाही. खोटं मला बोलता येत नाही, आणि खरं बोलले तर पोरीचं ऑपरेशन गेलं. कपाट तिथे, देव तिथे, अंथरूण तिथे. आठ वर्षं.

म्हटलं, आज कुठली तारीख लिहिणार?

ती म्हणाली, "आज का."

म्हटलं, लिहा मग. आजपासून मी मालकाकडे राहते.

तिने माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं. नातं काय, ते लिहिताना विचारलं. मी म्हटलं, "दादी." तिने लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात एक फुली मारली. घरात राहत नाही, त्याची. मी मराठीतच सही केली. का, वे, री, सगळी अक्षरं नीट आली.

तिथून सरळ घरी. मिथुन आला तोवर बॅग भरून झाली होती. म्हणाला, "आई, कागदापुरतं ठेव ना. येऊन जाऊन राहा. कोण बघतंय?"

"मी लिहून दिलंय," मी म्हटलं. "लिहून दिलं ते खरं पाहिजे. परत माझ्यामुळे काही अडायला नको."

तो कपाटाच्या दाराशी उभा राहिला, दार उघडायचा, लावायचा. मोठं टोप आणि मेसची जादा शेगडी बाबाजींना देऊन टाकली. संजनाने माझी उशी बॅगेत कोंबली. मी म्हटलं, मॅडमकडे उशा आहेत. तरी कोंबली. किती घाई होती तिला! डोळे लाल. कांदा तर चिरलेला नव्हता.

गुरुवार, २० फेब्रुवारी

श्वास संजनाने फोनवर सांगितले, ३८.

मॅडमकडची खोली स्वयंपाकघराला लागून आहे. एसी आहे, खिडकी नाही. नीरवने, म्हणजे मॅडमच्या मुलाने, वायफाय लावून दिलं. "Aunty, password is on the fridge." चांगला आहे मुलगा. शिळं खात नाही.

इथे संध्याकाळी फक्त चौघांच्या पोळ्या. सातच्या आत हात रिकामे. रिकाम्या हातांचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. ओटा तीनदा पुसला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

श्वास ३८.

एमानबाई आज घरी जाऊन आली. संजनाने फोन करून सगळं सांगितलं, एवढं ती आठ वर्षांत माझ्याशी बोलली नसेल. खोल्या परत बघितल्या. स्वयंपाकघर बघितलं. तीन ताटं. मग खाली बसून अस्मीला विचारलं, घरात कोण कोण राहतं?

संजना म्हणाली, आई, मी पोरीला काही शिकवलं नव्हतं.

अस्मीने बोटं काढली. "Papa. Mumma. Me."

"And Aaji?"

"Aaji went to her house." आणि रडायला लागली. "She took her pillow also."

एमानबाईने टॅब मांडीवर ठेवला म्हणे. मग लिहिलं.

बरोबर सांगितलं पोरीने. मी फोन ठेवला आणि मॅडमचा डाळीचा कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचं पिठलं झालं. मॅडमनी तेच वाढून घेतलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मंजूर.

मिथुनचा फोन दुपारी एकला. दोनदा तेच सांगितलं त्याने. उद्या पहाटे अबुधाबी.

बुधवार, २६ फेब्रुवारी

मी गेले नाही. आयसीयूत दोघांनाच सोडतात, आणि अर्जावर आई-बापाचीच नावं आहेत. मॅडम म्हणाल्या, सुट्टी घ्या, बाहेर तरी बसा. मी म्हटलं, तिथे कुणी विचारलं कोण तुम्ही, तर मी काय सांगू?

सकाळी आठला आत नेली. नऊ. दहा. चार किलो वाटाणे सोलले. मॅडमना चार किलो वाटाणे नको होते.

दीडला संजनाचा फोन. "आई, झालं. भोक बुजवलं. बाहेर आणली."

मी विचारलं, रंग?

"गुलाबी आहे, आई. तळवेसुद्धा."

बरं म्हटलं आणि फोन ठेवला. वाटाणे फ्रीजरमध्ये टाकले. मग खाली बसले, तिथेच, लादीवर.

शुक्रवार, १४ मार्च

अस्मीला घरी आणून आठवडा झाला. तपासण्या, औषधं अजून सहा महिने, आणि तेवढे दिवस मदत चालू राहणार. म्हणजे तेवढे दिवस अर्जही तसाच राहणार. मिथुन म्हणतो आता कोण येतंय बघायला, राहायला ये. मी म्हटलं, सप्टेंबरला बोलू.

मॅडमना शुक्रवारी अर्धा दिवस. म्हणून चारला मिथुनकडे गेले. किल्ली माझ्या पिशवीत आहे, पण बेल वाजवली. संजनाने दार उघडलं, तिला कळेना काय करावं. मग आत गेली आणि ट्रेमध्ये ग्लासातून पाणी घेऊन आली. मी खुर्चीवर बसून प्यायले. भिंतीला नवं कॅलेंडर लावलंय, वाकडं. बोलले नाही.

अस्मी जवळ येऊन बसली. फ्रॉकच्या गळ्यातून छातीवरच्या टाक्यांची वरची दोन टोकं दिसतात. आता चालताना थांबत नाही. मला विचारलं, "Aaji, what time you are going to your house?"

"सहाला," मी म्हटलं.

"Okay. Then I'll show you everything fast." एकेक बाहुली आणून मांडीवर टाकायला लागली.

संजना तिला औषध पाजत होती. आत गॅसवर दूध ठेवलं होतं. वर यायला लागल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता, तिला येत नव्हता. मी हात मांडीवर धरून बसले. म्हटलं, कावेरी, तुझं घर नाही हे, बस.

मग उठले. आत गेले, गॅस बंद केला, परत येऊन खुर्चीवर बसले. एवढं तर पाहुणीसुद्धा करते.